चौकशीबाई आणि खालचं रीळ

…तर त्या गरम हातांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगायची अर्धीच राहिली होती. फोनवर एक म्हातारा म्हणतोय, "मला त्या डॉक्टरांचा नंबर द्या." चौकशीबाई विचारतात, "नाव काय त्यांचं?" म्हातारा म्हणतो, "नाव कशाला हवं? मी काय त्यांना नावाने हाक मारतो? डॉक्टर म्हणतो!" बरं, दवाखाना कुठे? "पुलाच्या अलीकडे." कुठून अलीकडे? "म्हणजे काय, आमच्या घराकडून!" आता याचं घर कुठे हे देव जाणे. दुसरी एखादी असती तर माफ करा म्हणून मोकळी झाली असती. बाईंनी विचारलं, "बरं, डॉक्टर आहेत कसे?" म्हातारा म्हणाला, "हात गरम असतात हो त्यांचे. नाडी बघायला मनगट धरलं की निम्मा ताप तिथेच उतरतो."

झालं. बाईंनी वही उलटली आणि नंबर दिला. कारण तीन आठवड्यांपूर्वी एका लेकुरवाळीने तेच डॉक्टर विचारताना सांगितलं होतं, "ते हो, थंडीतसुद्धा ज्यांचा हात लागला तर पोर दचकत नाही." आणि बाईंनी ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं.

तीच त्यांची पद्धत. टेलिफोनच्या चौकशी विभागात एकतीस वर्षं, एक चाक अडकलेल्या फिरत्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून. पुढ्यात सरकारी यादी, जाड, नावांच्या क्रमाने. आणि मांडीवर स्वतःची वही. वहीत डाव्या बाजूला लोक काय विचारतात ते, उजव्या बाजूला त्याचं खरं नाव. डावीकडे 'जिथे चपला उलट्या टांगतात ते दुकान', उजवीकडे पादत्राणे भांडार. डावीकडे 'रडक्या मुलांची शाळा', उजवीकडे बालविकास केंद्र. अशा सात वह्या भरल्या. यादीत नावं होती, वहीत माणसं होती.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले, फोनमध्ये इंटरनेट आलं, आणि चौकशी विभागाला कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "आता लोक आपलं आपण शोधतात, बाई." बाई म्हणाल्या, "शोधतात खरं. सापडतं का?"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं.

साठी उलटल्यावर त्या वाचनालयातल्या एका वर्गाला जाऊन बसल्या. वर्गाचं नाव लांबलचक, पण विषय एवढाच, की आपलं संकेतस्थळ लोकांना सर्चमध्ये वर कसं दिसेल. शिकवणारी मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. ती सांगत होती, लोक शोधताना जे शब्द टाइप करतात ते आपल्या पानाच्या शीर्षकात हवेत, पहिल्या ओळीत हवेत, फोटोंच्या नावात हवेत, व्हिडिओखालच्या मजकुरात हवेत. दुसऱ्या चांगल्या संकेतस्थळांनी आपला उल्लेख केला तर आणखी उत्तम. याला एसईओ म्हणतात. बाईंनी हात वर केला. "अगं, ही तर माझी डावी बाजू!" मुलीला काही कळलं नाही, पण वर्गात सगळ्यात आधी काम मिळालं ते बाईंनाच.

पहिलं गिऱ्हाईक किल्लीवाला. त्याच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत 'सर्वंकष सुरक्षा उपाययोजना' असं लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "दादा, माणूस बाहेर, किल्ली आत, गॅसवर दूध, आणि तो टाइप करणार सर्वंकष?" त्यांनी पानाचं नाव बदललं: 'दार लागलं, किल्ली आत राहिली?' आठवडाभराने किल्लीवाल्याचा फोन, "बाई, जेवायला वेळ मिळेना!" दातांच्या डॉक्टरणीच्या पानावर त्यांनी लिहवलं, 'अक्कलदाढ दुखतेय, गाल सुजलाय.' डॉक्टरीण नाक मुरडत म्हणाली, "हे फार घरगुती वाटतं." बाई म्हणाल्या, "दाढ घरीच दुखते, मॅडम." लोक दुकान शोधत नाहीत, आपलं दुखणं शोधतात, हे बाईंचं सांगणं. गावभरच्या दुकानांना त्यांनी असे शब्द लावून दिले.

आणि इकडे काखेत कळसा. सख्खा धाकटा भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, हाताला असा गुण, की बिघडलेल्या मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते ओळखावं. आणि त्याच्या दुकानात दिवसदिवस कुणी फिरकत नव्हतं.

दुकान पूर्वी हमरस्त्यावर होतं. ती इमारत पाडली. मागच्या गल्लीत, छापखान्याच्या जिन्याखाली, जेमतेम दोन टेबलं मावतील एवढी जागा मिळाली. जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं, धंदा बंद केला. नवीन गिऱ्हाइकांना जिना दिसायचा, जिन्याखालचं दिसायचं नाही. धाकटा सकाळी शटर उघडायचा, तेल घातलेल्या मशीनला पुन्हा तेल घालायचा, पुसलेला स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसायचा.

त्यात तो बोलायला अडखळायचा. लहानपणापासून. सगळ्याच अक्षरांना नव्हे. बाकीची वर्णमाला त्याला वाट द्यायची, पण ब आणि ट ही दोन अक्षरं दारात आडवी पडायची. पहिलीत गुरुजींनी पाटीवर चित्र काढून विचारलं, "हे काय?" धाकटा उभा राहिला. ओठ मिटले ते मिटलेच. पोरं खिदळायला लागली. शाळा एका खोलीची, मागच्या रांगेत चौथीतली ताई, म्हणजे आपल्या बाई, बसलेली. तिथून ती ओरडली, "बदक, गुरुजी!"

तेव्हापासून ते तसंच पडलं. धाकट्याने वाक्य सुरू करायचं आणि ताईने पुरं करायचं. दुकानदाराकडे, दवाखान्यात, एवढंच काय, मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा. मुलीने विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि ताई म्हणाली, "त्याला शांतपणा आवडतो." मुलगी फटकळ; ती म्हणाली, "मग मला कशाला बघताय?" धाकटा पोट धरून हसला, आणि लग्न ठरलं.

ताई नसेल तिथे धाकट्याने स्वतःची वाट काढली होती. अडणारा शब्द आला की तो वळसा घालायचा. 'बस'ला 'गाडी' म्हणायचा. बाजाराला मंडई. बटाटा म्हणजे तर ब आणि ट या दोघांनी मिळून काढलेला कारखाना! त्याला तो 'मातीतलं' म्हणायचा. भावजय शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे आज मातीतलं आणि वांगं." घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं.

तर अशा या धाकट्याला चुलतभावाने निरोप पाठवला. चुलतभावाचं गावाबाहेर गोदाम. "दोन महिने सोडून पहिल्या तारखेपासून ये. गेट उघडायचं, गेट लावायचं. कुणाशी बोलायची भानगडच नाही." चांगल्या मनानेच सांगितलं होतं त्याने. धाकटा म्हणाला, "येतो."

बाईंना ते कळलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. गोदामाचं काम वाईट म्हणून नव्हे. बोलायचं नाही हीच ज्या कामाची गोडी, तिथे गेलेला माणूस हळूहळू घरीही बोलायचा थांबतो. आणि ज्या बोटांना सुईच्या नाकाचा अंदाज न बघता येतो ती बोटं गेटच्या कडीवर जातात. हातात सव्वादोन महिने होते. बाई पदर खोचून उठल्या.

"तुझं संकेतस्थळ मी करते. व्हिडिओ पण करू."

"ताई, मी कॅमेऱ्यापुढे ब… ब…"

"नाहीच बोलायचंस. तू फक्त हात दाखव. बोलेन मी."

इथे बाईंची चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाची झालीच नसती. सगळ्या गावाला ज्या डावी बाजू शिकवत हिंडल्या, त्यांनी स्वतःच्या भावासाठी उजवी बाजू लिहिली. भावाचं काम उठून दिसावं, त्याला कुणी कमी लेखू नये, म्हणून शब्दकोश काढून, मशीनची पुस्तिका वाचून, एकेक वाक्य घासून पुसून लिहिलं. व्हिडिओचं नाव ठेवलं, 'शिवणयंत्रातील बॉबिनच्या ताणाचे समायोजन व टाक्यांची समतोल गुंफण.' खाली धाकट्याचे हात, वर बाईंचा एकतीस वर्षांचा कमावलेला आवाज. घंटेसारखा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

सहा आठवड्यांत तो व्हिडिओ एकोणीस वेळा बघितला गेला. त्यातले अकरा बाई स्वतः, चार भावजय. राहिलेल्या चारांपैकी एक चुकून आला असणार, कारण तो तीन सेकंदांत गेला.

भावजय म्हणाली, "वन्सं, एक सांगू? तो व्हिडिओ ऐकताना मला वाटतं, आपली रेल्वे फलाट क्रमांक दोनवर येत आहे."

बाईंना राग आला, पण हसूही आलं. "म्हणतात ना, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. म्हणून बोलले."

"पण गहू यांचे आहेत. तुम्ही बोललात ते हुलगेच झाले."

त्या दिवशी दुपारी बाई लॅपटॉप घेऊन जिन्याखालच्या दुकानात बसल्या. शिवणयंत्र नीट चालत नाही म्हणून लोक सर्चमध्ये नेमकं काय टाइप करतात, त्याची यादी एका पानावर मिळते. ती त्यांनी किल्लीवाल्यासाठी काढली होती, डॉक्टरणीसाठी काढली होती. भावासाठी काढायचं सुचलंच नव्हतं. धाकटा एका जुन्या मशीनची खालची पट्टी सोडवत होता. भावजय डबा घेऊन आलेली. बाई वाचू लागल्या, मोठ्याने.

"'शिवताना खाली दोऱ्याचं जाळं होतं.'"

भावजयीने मान वर केली.

"'खालचं रीळ फिरत नाही.' 'कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी शिवतं.' 'दोऱ्याची ओढ जास्त झाली, कापडाला चुण्या पडतात.' 'शिवण सैल येते, ओढली की दिसते…'"

"अहो थांबा, थांबा!" भावजय डबा ठेवून पुढे आली. "कुणी लिहिलंय हे?"

"कुणी म्हणजे? लोकांनी. हजारोंनी."

"हे तर आमच्या यांचंच बोलणं आहे!"

धाकट्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खालचं रीळ. बॉबिन म्हणायला जमत नाही म्हणून तो खालचं रीळ म्हणायचा. टेन्शन म्हणायला जमत नाही म्हणून ओढ. टाका अडतो म्हणून शिवण. पुस्तिकेतलं एकेक नाव ब नाहीतर ट घेऊन उभं, आणि प्रत्येकाला त्याने चाळीस वर्षांत एकेक वळसा शोधलेला. ज्यांना त्या नावांची ओळखच नाही अशी घरोघरची माणसं, शिवता शिवता मशीन अडलेली, दुसऱ्या बाजूने चालत येऊन त्याच वळशावर पोचली होती. त्यांना नाव माहीत नव्हतं, याला नाव म्हणता येत नव्हतं.

आणि ताई चाळीस वर्षं हे वळसे खोडून नीट शब्द बसवत आली होती. मदत म्हणून.

बाईंनी लॅपटॉप मिटला. "मी मूर्ख आहे," त्या म्हणाल्या.

"हे रेल्वेच्या आवाजात सांगू नका," भावजय म्हणाली.

बोलायला तयार करणं सोपं नव्हतं. धाकटा दोन दिवस मान हलवत राहिला. "हसतील," एवढंच म्हणायचा. बाईंनी समजूत घालणं सोडलं आणि तिसऱ्या दिवशी वेगळंच केलं. फोन एका तिपाईला बांधला, फक्त टेबल आणि हात दिसतील असा. मुद्दाम बिघडवलेलं मशीन पुढ्यात ठेवलं. मग स्वतः पलीकडच्या स्टुलावर पाठ करून बसल्या आणि आवाज बदलून म्हणाल्या, "हॅलो, मशीनवाले का? अहो, उद्या लेकीचं स्नेहसंमेलन आणि माझं मशीन खाली नुसतं जाळं करतंय. काय करू हो?"

धाकट्याचे हात आपोआप मशीनकडे गेले. कुणी मशीनचं गाऱ्हाणं सांगितलं आणि त्याचे हात स्वस्थ राहिले असं कधी झालं नव्हतं.

"आधी… आधी वरचा दोरा काढा. पूर्ण काढा. घाई नको. जाळं खाली दिसतं, पण दुखणं नेहमी वर असतं. म्हणून लोक खालचं रीळ खोलत राहतात आणि… हां. आता कापड दाबून धरणारा हा पाय वर करा. पाय खाली ठेवून दोरा ओवला ना, तर दोरा आत शिरतच नाही, नुसता वर वर फिरतो. पाहुण्यासारखा."

बाई वळून बघणार होत्या. बघितलं नाही.

"मग ओवा. आता हा लहान स्क्रू. याला अगदी… अगदी ब… ब…"

बारीकसा. बाईंना कळलं होतं, त्याला बारीकसा म्हणायचंय. वळसा घालायचा राहिला, बोलण्याच्या ओघात तो सरळ त्या शब्दावर येऊन आपटला होता. शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. पहिलीच्या वर्गात होता तसाच. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला, स्टुलाची कड धरली, आणि समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसल्या. एक क्षण, दोन, पाच. मागे नुसता घड्याळाचा आवाज आणि त्याचा श्वास.

"…बारीकसा फेरा द्या. एकच."

मशीन सुरू झालं. खडखड नाही, सरळ वाहत्या पाण्यासारखं. धाकट्याने कापड उलटं करून कॅमेऱ्यापुढे धरलं. खालची बाजू वरच्यासारखीच.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बाई तो व्हिडिओ कापायला बसल्या. सुरुवातीचा फालतू भाग काढला, कारण पहिल्या दहा सेकंदांत कामाचं दिसलं नाही तर बघणारा पळतो. मग त्या अडखळीपाशी आल्या. पाच-सहा सेकंदांची होती. कापायला बोट नेलं आणि दिसलं, की तोंड अडलं होतं तेव्हा हात अडले नव्हते. त्याच वेळात बोटं तो स्क्रू शोधून, स्क्रूड्रायव्हर टेकवून, नेमका फेरा देत होती. अडखळ कापावी तर स्क्रू जातो. बाईंनी तशीच राहू दिली.

व्हिडिओला नाव दिलं, 'शिवताना खाली दोऱ्याचं जाळं होतंय? खालचं रीळ खोलू नका.' खाली त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढलं, पाहुण्यासकट, म्हणजे सर्चला वाचता येईल. संकेतस्थळावर त्याच नावाचं पान केलं, व्हिडिओ त्यात बसवला, जिन्याचा फोटो टाकला आणि फोटोखाली लिहिलं, 'छापखान्याच्या जिन्याखाली, वाकून या.' कापडवाल्याला आणि शिवणवर्गाच्या बाईंना सांगून त्यांच्या पानांवर दुवा द्यायला लावला. असे चार व्हिडिओ केले, एकेका दुखण्याचा एकेक.

मग वाट बघणं. पेरल्या दिवशी कणीस येत नाही आणि एसईओ तर त्याहून आळशी. पहिले चार दिवस शुकशुकाट. आठवड्याने पान सर्चमध्ये सहाव्या पानावर दिसलं, म्हणजे घर मिळालं पण तळघरात. मग तिसऱ्यावर. महिन्याची वीस तारीख उजाडली तेव्हा 'खाली जाळं' म्हणून शोधलं की पहिल्या पानावर, खालून दुसरं. भावजय रोज फोनवर शोधून बघायची आणि पहाटे पेपर टाकणाऱ्यासारखी बातमी आणायची, "वन्सं, एक पायरी चढले!"

व्हिडिओखाली लोक लिहू लागले. कुणी लिहिलं, 'जाळं गेलं. आता टक टक करतंय, त्याचा व्हिडिओ कधी?' कुणी लिहिलं, 'आमच्या आईने चार वेळा थांबवून बघितला, पाचव्या वेळी थांबवावा लागला नाही.' आणि एकाने लिहिलं, 'याला आधी बोलायला शिकवा.'

बाईंनी ते वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पुसून टाकायला त्या पान उघडतायत तोवर त्याखाली उत्तर पडलेलं होतं, दुकानाच्या नावाने. 'शिकतोय. तोवर तुमचं मशीन नीट चालू दे.' बाईंनी भावजयीला विचारलं, "तू लिहिलंस?" ती म्हणाली, "मी लिहिलं असतं तर एवढ्यात भागलं असतं का?"

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. मान खाली घालून तो एका मशीनच्या शटलमधला अडकलेला धागा चिमट्याने ओढत होता. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

पंचवीस तारखेपासून जिन्याखाली माणसं वाकून यायला लागली. पहिली आली ती एक उशा शिवणारी बाई, मशीन सायकलच्या कॅरिअरवर बांधून. आत येऊन म्हणाली, "पाहुण्याचा दोरा सांगणारे तुम्हीच ना?" मग एक निवृत्त मास्तर, बायकोचं मशीन बायकोला न सांगता दुरुस्त करायला निघालेले आणि आणखी बिघडवून बसलेले. मग शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दोघी बहिणी. अठ्ठावीस तारखेला दुकानात पाच मशीनं रांगेत, आणि त्यातलं एक पायरीवर, कारण आत जागाच नाही.

फोनही यायचे. पहिले दोन-तीन बाईंनी सवयीने उचलले. मग एकदा फोन वाजला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत वंगणाची चिंधी होती. धाकट्याने उचलला. "हॅलो," म्हणाला, आणि ऐकत राहिला. मग बोलायला गेला आणि थांबला. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून आधीच स्वच्छ असलेला टेबलाचा कोपरा पुसत राहिल्या. पलीकडच्याने ठेवला नाही वाटतं. कारण धाकटा मग सलग दोन मिनिटं बोलला. सुईचा कुठला भाग कुठल्या बाजूला, सगळं. शेवटी म्हणाला, "नाही जमलं तर घेऊन या. आत्ता गर्दी आहे. पाच तारखेला या."

बाईंचा हात थांबला. पाच तारीख. पहिली तारीख होऊन गेल्यावर पाच येते. त्यांनी मनात दोनदा मोजलं, एकतीस वर्षं आकडे सांगण्यात गेलेल्या बाईने. मग चिंधी पिळली, जिच्यात पिळण्यासारखं काही नव्हतं, आणि पुन्हा टेबल पुसायला लागल्या. गिऱ्हाइकाला सांगितलं ते त्याने सांगितलं. चुलतभावाला काय सांगायचं तेही त्यानेच सांगायला हवं होतं; विचारायला गेलं तर प्रश्नाबरोबर उत्तरही आपल्याच तोंडून निघेल, एवढी स्वतःची ओळख बाईंना आता पटली होती.

तीस तारखेला दुपारी बाईंचा फोन वाजला. गोदामवाला चुलतभाऊ. धाकट्याबद्दल काही विचारायचं तर फोन ताईला करायचा, ही सगळ्या गोताची रीत.

"ताई, उद्या येतोय ना हा? सकाळी आठला गेट उघडायचंय. तू सांग, म्हणजे मी त्याप्रमाणे माणूस बघतो. येतोय की नाही?"

समोर धाकटा गणवेशवाल्या बहिणींच्या मशीनवर वाकलेला. आवाज फोनबाहेर येत होता. त्याने ऐकलं, हात थांबवले आणि ताईकडे बघितलं. भावजय दारात उभी. पायरीवर उशावाली बाई आपल्या मशीनची वाट बघत बसलेली. उत्तर दुकानभर पसरलेलं होतं, रांगेत मांडलेलं होतं, कुणीही वाचून दाखवावं असं. बाईंच्या ओठांपर्यंत तर पूर्ण वाक्य आलं होतं, क्रियापदासकट.

त्यांनी फोन कानापासून काढला, भावापुढे धरला, आणि देण्याआधी पुन्हा तोंडाशी नेऊन चुलतभावाला म्हणाल्या,

"त्यालाच विचार, देते. आणि मध्ये आवाज आला नाही तर लाइन तुटली समजून ठेवून देऊ नकोस. लाइनवर राहा, तो सांगतोय."